सदतीस लाल नावं

नांदणगावच्या कॉलेजातली सदतीस मुलं जानेवारीतल्या एका बुधवारी, दुपारी एक वाजता, एकदम लाल झाली.

मुलं म्हणजे मुलांची नावं. शांतिनाथ बिरनाळे सर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका हातानं डबा खात होते आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉपवरची यादी खाली सरकवत होते. ‘मानसिक स्वास्थ्य साक्षरता’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम सरकारनं त्या वर्षीपासून पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा केला होता आणि या कॉलेजात त्याचे समन्वयक होते बिरनाळे सर. समन्वयक होण्याची त्यांची पात्रता एकच. ज्या मीटिंगमध्ये हे काम वाटलं गेलं, त्या मीटिंगला ते पाच मिनिटं उशिरा पोचले होते.

दर बुधवारी यादी नव्यानं लागे. हिरवं नाव म्हणजे पोरगं ठीक आहे. पिवळं म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे हातातलं काम टाका आणि त्या मुलाला चोवीस तासांच्या आत समोर बसवून बोला. पाच महिन्यांत या कॉलेजात दोनच नावं पिवळी झाली होती, लाल एकही नाही. आणि आता एकदम सदतीस. सरांच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

त्यांनी नावं वाचली आणि डबा बंद केला. काळजी मुलांची नव्हती, स्वतःची होती. ती सदतीस नावं त्यांना ओळखीची होती, कारण तीच यादी त्यांनी डिसेंबरात स्वतःच्या अक्षरात लिहून एका मुलीच्या हातात दिली होती.

यंत्र कसं चालतं ते सरांना जुलैत सांगलीला झालेल्या प्रशिक्षणात कळलं होतं. शिकवायला पुण्याहून ईशानी नावाची एक तरतरीत मुलगी आली होती.

“मुलं शब्दांत खोटं लिहितात,” ती म्हणाली. “मी मजेत आहे असं लिहायला काय लागतं? म्हणून आमची प्रणाली शब्द बघतच नाही. ती बोटं बघते.”

प्रत्येक पाठाला दहा मिनिटांचा व्हिडिओ असे, मग एक प्रश्न, आणि त्याचं दीडशे शब्दांत उत्तर. उत्तर टाइपच करायचं. कुठून उचलून चिकटवायचं नाही, बोलूनही लिहायचं नाही. मूल टाइप करत असताना प्रणाली मोजत राही. एका अक्षरानंतर दुसरं अक्षर किती वेळानं पडलं, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. लिहिलेलं किती वेळा खोडलं. ‘मी’ हा शब्द लिहिण्याआधी बोट किती थबकलं. एक वाक्य संपल्यावर दुसरं सुरू करायला किती जड गेलं. मन खचायला लागलं की आधी बोटं खचतात, माणसाला स्वतःला कळायच्या कित्येक आठवडे आधी. पण सगळ्यांची बोटं सारखी नसतात. कुणी जात्याच सावकाश, कुणी धांदरट. म्हणून पहिले तीन पाठ प्रणाली कसलाच निष्कर्ष काढत नसे. नुसती ऐकून घेई आणि त्या मुलाचा पाया ठरवी. चौथ्या पाठापासून तुलना सुरू, आणि तुलना दुसऱ्या कुणाशी नाही, त्याची त्याच्याच पायाशी. सलग तीन पाठ घसरण दिसली की नाव लाल.

“आणि सुधारणा दिसली तर?” कुणीतरी विचारलं.

“ती एकाच पाठात कळवतो. पालकांच्या मोबाइलवर अभिनंदनाचा संदेश जातो. चांगली बातमी कशाला अडवून ठेवायची?”

मागच्या बाकावरच्या एका शंकेखोर प्राध्यापकांनी विचारलं, एकाच्या नावावर दुसऱ्यानं टाइप केलं तर? ईशानी म्हणाली की बोटांच्या लयीवरून माणूससुद्धा ओळखता येतो, पण मुलांना पाळत ठेवल्यासारखं वाटेल म्हणून सरकारनं ती सोय मुद्दाम काढायला लावली. “आणि सर, स्वतःच्या मनाचा अभ्यास दुसऱ्याकडून कोण करून घेईल?”

पोरगी हुशार होती, पण आपल्याकडच्या कॉलेजातलं जर्नल तिनं कधी पाहिलेलं नसावं.

जर्नल म्हणजे प्रयोगवही. वर्षभर प्रयोग करत ती लिहायची असते, असं पहिल्या पानावर छापलेलंही असतं. प्रत्यक्षात परीक्षेच्या आठ दिवस आधी वर्गातल्या एखाद्या सुवाच्य अक्षराच्या मुलीपुढं वह्यांचा गठ्ठा पडतो आणि ती सगळ्यांची जर्नलं ‘पूर्ण’ करते. मग सर सह्या करतात. पान उलटायचं, सही ठोकायची, पान उलटायचं, सही ठोकायची. वाचत कुणी नाही. हे लिहिणारीला माहीत असतं, सही करणाऱ्याला माहीत असतं आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही माहीत असतं. बिरनाळे सरांनी विद्यार्थी असताना आपली जर्नलं अशीच पूर्ण करून घेतली होती आणि गेली बावीस वर्षं ते अशाच सह्या करत होते. यात काही वाईट आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

डिसेंबरात प्राचार्य जगदाळ्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. “महिनाअखेरीला नाही, पुढच्या महिनाअखेरीला मूल्यांकन समिती येतेय. मनाचा कोर्स शंभर टक्के पूर्ण पाहिजे. सदतीस पोरं तिसऱ्या पाठावरच अडकलीत. काय ते बघून घ्या.”

बघून घ्या म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. पोरांचंही फार चुकत नव्हतं. निम्मी पोलीस भरतीसाठी मैदानावर पळत होती, उरलेली कुठं ना कुठं कामाला जात होती. पहिले तीन पाठ सरांनी सगळ्यांना संगणक कक्षात समोर बसवून करून घेतले होते. त्यानंतर या पोरांनी तिकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. अभ्यासक्रमाला ती ‘येड्यांचा तास’ म्हणत.

मग सरांना तेजल आठवली.

तेजल कोष्टी दुसऱ्या वर्षाला होती. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून रोज सकाळी दोन तास ती प्रयोगशाळेत काम करायची. काचेची भांडी धुणं, बाटल्या भरणं, लेबलं चिकटवणं. घर विट्याला, वडील यंत्रमागावर, ती इथं कॉलेजच्या वसतिगृहात. हसतमुख मुलगी. सरांना तिच्याबद्दल विचारलं असतं तर त्यांनी पहिला शब्द हाच सांगितला असता, आणि दुसरा बहुतेक सुचला नसता.

ऑगस्टमध्ये संगणक कक्षात सर हे पाया-घसरणीचं प्रकरण समजावून सांगत होते तेव्हा वर्गात लक्ष होतं ते हिचंच. “आमचे पप्पा पण असंच ओळखतात सर,” ती म्हणाली होती. “घरात जेवत असले तरी मधेच घास थांबवतात. चार नंबरच्या मागाचा आवाज बदलला म्हणतात, आणि उठून जातात. खरंच धागा तुटलेला असतोय.”

“अगदी तसंच,” सर खुश होऊन म्हणाले होते.

“पण एखादा माग पहिल्यापासनंच बिघडलेला असला तर? त्याचा तोच आवाज होऊन बसतोय की.”

“असला माग तुझे पप्पा विकतच घेणार नाहीत,” सर म्हणाले, आणि वर्ग हसला. तीही हसली.

डिसेंबरात सरांनी तिला यादी दिली. “तेजल, एवढ्यांचं जरा पूर्ण करून टाक. चौथा, पाचवा, सहावा; पुढचे उघडले की बघू. मी काही बोललो नाही, तू काही ऐकलं नाहीस.”

तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. “सगळ्यांच्या नावानं मीच लिहायचं?”

“कोण वाचतंय?”

“कोणच वाचत नाही?”

“अगं, नियमच आहे तसा. नाव लाल झाल्याशिवाय मलासुद्धा उत्तर उघडता येत नाही. तू निवांत लिही.”

“करते की सर,” ती म्हणाली. यादीची घडी घालून तिनं ॲप्रनच्या खिशात ठेवली. पोरांनी पासवर्ड आनंदानं दिले. ती रोज दुपारी संगणक कक्षात जाऊन बसायला लागली. आधी चौथा पाठ सदतीस जणांचा ओळीनं, मग पाचवा, मग सहावा. महिन्याभरात एकशे अकरा उत्तरं लिहून झाली, आणि सहावा पाठ संपला त्याच आठवड्याच्या बुधवारी सदतीस नावं लाल झाली.

जगदाळ्यांनी कॉलेज डोक्यावर घेतलं. गुरुवारी सकाळी सदतीसच्या सदतीस पोरांना सभागृहात गोळा केलं. सांगलीहून समुपदेशक बाई आल्या आणि त्यांनी एकेकाला आत बोलावलं. सगळ्यात वरचं लाल नाव प्रताप शेळकेचं होतं. हा गडी रोज पहाटे दहा किलोमीटर पळायचा. रांगेत उभ्या उभ्या त्यानं दोन वडापाव संपवले. बाईंनी विचारलं, झोप लागते का? तो म्हणाला, “मॅडम, तासाला पण लागते.” दुपारपर्यंत बाईंचा निर्वाळा आला. एकही मूल धोक्यात नाही.

“यंत्रच येडं झालंय,” जगदाळे म्हणाले. “बिरनाळे, तांत्रिक दोष म्हणून अहवाल द्या आणि सगळं हिरवं करून घ्या. समितीपुढं सदतीस लाल नावं घेऊन मी उभा राहू काय?”

खरं काय झालं ते सरांना सभागृहातच कळलं होतं. पाया पोरांचा आणि वरची बोटं तेजलची, यंत्र गोंधळणारच. एवढं वाक्य अहवालात लिहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मग यादी कुणी दिली, कुणाच्या सांगण्यावरून दिली, हे आलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून त्यांनी ‘तांत्रिक दोष’ असं लिहिलं आणि खाली सही केली. लाल उत्तरं आता उघडता येत होती. ती त्यांनी उघडली नाहीत. पोरांची नव्हेतच, तर बघायची कशाला?

सकाळच्या गडबडीत राहिलेली शंकुपात्रं तेजल संध्याकाळी चार वाजता पुसत होती. सर हसत म्हणाले, “तुझ्या बोटांनी सदतीस जणांना आजारी पाडलं की गं.”

ती हसली. मग म्हणाली, “सर, यंत्र खरंच चुकलं का?”

“चुकलंच. त्या सदतीस जणांत एकाला साधं पडसं झालेलं नाही.”

“पण त्यांनी लिहिलंच नव्हतं ना.”

“म्हणून तर गोंधळलं बिचारं.”

तिनं हातातलं पात्र उजेडात धरून बघितलं आणि परत पुसायला घेतलं. “माझं काय दाखवतंय?”

सरांनी लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. “हे बघ. हिरवंगार. पहिल्या पाठापासून रेषा सरळ. इतकी सरळ रेषा अख्ख्या कॉलेजात कुणाची नाही.”

ती पडद्याकडं बघत राहिली. “पहिल्यापासनं सरळच आहे,” ती म्हणाली.

“मग? उगाच घाबरतेस.”

“सर, तुम्ही ती उत्तरं उघडली का? लाल झाल्यावर उघडता येतात म्हणाला होता.”

“एकशे अकरा उत्तरं?” सरांनी हात जोडले. “आणि तू लिहिलेलं मी काय तपासायचं? माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

“हां,” तेजल म्हणाली. तिनं शेवटचं पात्र जागेवर ठेवलं, ॲप्रन काढून खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती नेहमीसारखी आली आणि सगळ्या बाटल्यांवर नवी लेबलं लावून गेली.

शनिवारी सकाळी दहा वाजता पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. आम्लात सूचकाचे दोन थेंब टाकायचे, मग ब्युरेटमधून अल्कली थेंबथेंब सोडायचं; रंग गुलाबी झाला की थांबायचं. बावीस वर्षांच्या सवयीनं सरांनी हा प्रयोग झोपेतसुद्धा घेतला असता. त्या दिवशी सूचक टाकल्याबरोबर सगळ्यांची पात्रं गुलाबी झाली. ब्युरेटची चावी कुणी उघडलीही नव्हती.

“सर, आमचं सगळ्यांचंच चुकलं,” एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

“सगळ्यांचं एकसारखं चुकलं तर चूक सगळ्यांची नसते,” सर दरवर्षीचं वाक्य बोलले. “ज्या बाटलीतनं ओतलं ती बघा.”

बाटली आम्लाची होती, आत भरलं होतं अल्कली. सकाळी बाटल्या भरायला तेजल आलीच नव्हती. दुसऱ्याच कुणीतरी घाईनं भरल्या होत्या.

सर बाटली हातात धरून उभे राहिले. आपलंच वाक्य त्यांना आता ऐकू आलं होतं. सदतीस जणांच्या नावावर निव्वळ परकी बोटं पडली असती तर रेषा वाटेल तशा विस्कटल्या असत्या. सावकाश टाइप करणाऱ्यांच्या वर गेल्या असत्या, झरझर करणाऱ्यांच्या खाली. त्या तशा गेल्या नव्हत्या. सदतीसही रेषा एकाच बाजूला, एकाच उतारानं घसरल्या होत्या. रंग पोरांचा नव्हता. रंग त्या एका बाटलीचा होता.

आणि तिची स्वतःची रेषा हिरवी, सरळ. पहिल्या दिवशी यंत्रानं तिला ऐकलं तेव्हाच ती खचलेली होती. यंत्रानं तेच तिचं बरं असणं धरलं. पहिल्यापासनंच बिघडलेला माग असला तर, असं तिनं भर वर्गात विचारलं होतं, आणि त्यांनी विनोद केला होता.

ते वसतिगृहाकडं धावले. पन्नाशीतला, ॲप्रन घातलेला माणूस पटांगणातून पळताना पोरांनी पहिल्यांदाच पाहिला. रेक्टर बाई म्हणाल्या, तेजल सातलाच गेली, गावी जाते म्हणाली. सरांनी विट्याला फोन लावला. तिच्या वडिलांच्या आवाजामागं मागांचा खडखडाट होता. “न्हाई ओ सर. आज कुठं यायचीय? काल बोललो की, हसत हुती. का ओ?”

पोलीस निघाले, वसतिगृहातल्या मुली स्टँडवर गेल्या. सर प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी लाल उत्तरं उघडली. ती कुठं जाईल, याचा एखादा शब्द सापडेल म्हणून ते वाचू लागले. बावीस वर्षांत त्यांनी कुणा विद्यार्थ्याचं लिहिलेलं इतक्या काळजीनं वाचलं नव्हतं.

तिथं सगळं होतं. खऱ्या प्रतापनं किंवा बाकीच्या पोरांनी कधी लिहिलं नसतं असं. एकाच्या नावावर लिहिलं होतं की ब्रशला पेस्ट लावेपर्यंतच दिवसभराची ताकद संपते. दुसऱ्याच्या नावावर होतं, बरं वाटणं म्हणजे काय ते आता आठवत नाही, पण लोक विचारतात तेव्हा तो शब्द वापरावा लागतो. पोरांच्या नावावर तिनं ‘मी दमतो’ असं लिहिलं होतं, पोरींच्या नावावर ‘मी दमते’. कामात चोख होती. सहाव्या पाठाचा प्रश्न होता, मदत लागली तर तुम्ही कुणाकडे जाल? प्रताप शेळकेच्या नावावर उत्तर होतं:

‘व्हिडिओत सांगितलेली लक्षणं मी मोजली. नऊपैकी आठ मला अकरावीपासून आहेत. तोंडानं सांगायला जमत नाही. पण न सांगतासुद्धा यंत्राला कळतं आणि मग कुणीतरी बोलावून घेतं, असं पाठात म्हटलंय. माझ्या स्वतःच्या नावावर पाच पाठ वाट बघितली. काही झालं नाही. म्हणून आता या सगळ्यांच्या नावांवर लिहितोय. कुठून तरी ऐकू जाईल. मी वाट बघतोय.’

यंत्राला ऐकू गेलं होतं. ते सदतीस तोंडांनी ओरडलं होतं. त्याच्या तोंडावर हात कुणी ठेवला, ते सरांना माहीत होतं. ते टेबलावर डोकं टेकून रडले.

दुपारी चारला पोलीस ठाण्यातून फोन आला. तेजल सापडली होती. ओळख पटवायला कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे होता, म्हणून त्यांनी बिरनाळे सरांना बोलावलं.

कॉलेजनं दोन मिनिटं शांतता पाळली. चौकशीला आलेल्या फौजदारांना जगदाळ्यांनी यादी दाखवली: हिरवं नाव, सरळ रेषा, कसलीही पूर्वसूचना नाही. फौजदारांनी तसं लिहून घेतलं. सर शेजारी उभे होते. रोज सकाळी ते ठरवत की आज सांगू, आणि रोज संध्याकाळी घरी जात.

समिती यायच्या आदल्या दिवशी जगदाळ्यांनी त्यांना पुन्हा बोलावलं. सदतीस पोरांनी धसका घेऊन राहिलेले पाठ आपले आपण केले होते. एकच नाव अपूर्ण होतं. “पटावरनं नाव कमी करायला विद्यापीठाचं पत्र लागतं,” जगदाळे खाली बघत म्हणाले. “ते काही उद्यापर्यंत येत नाही. दोन पाठ राहिलेत तिचे.”

“मी नाही करणार,” सर म्हणाले. बावीस वर्षांत ते प्राचार्यांना पहिल्यांदाच नाही म्हणाले. पण नुसतं नाही म्हणाले, करू नका असं म्हणाले नाहीत. संगणक कक्षातल्या कुणीतरी अर्ध्या तासात ते काम उरकलं. समिती आली, शंभर टक्के बघून गेली, जाताना पाहुण्यांना शाली मिळाल्या.

दोन दिवसांनी, तेराव्याचे विधी उरकून, नंदकुमार कोष्टी मुलीचं सामान न्यायला आले. बारीक अंगाचे, नीट विंचरलेले, मागापुढं उभं राहून राहून मोठ्यानं बोलायची सवय लागलेले गृहस्थ. वसतिगृहातून ट्रंक घेऊन ते प्रयोगशाळेत आले, कारण तेजलचा ॲप्रन इथं होता. सरांनी तो खुंटीवरून काढून दिला. खिशात घडी घातलेली यादी अजून होती.

कोष्टी लगेच निघाले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “सर, हे बघा की जरा. परवा आलंय. मी वाचलं, हिच्या आईनं वाचलं. कुणालाच उलगडा हुईना. तुमी शिकवता, तुमी वाचून सांगा.”

सरांनी फोन घेतला. डोळ्यांनी वाचून त्यांनी तो परत द्यायला हात पुढं केला, पण कोष्टींनी घेतला नाही. “मोठ्यानं वाचा,” ते म्हणाले.

सरांनी वाचलं. “अभिनंदन. आपली पाल्य तेजल नंदकुमार कोष्टी हिच्या मानसिक स्वास्थ्यात लक्षणीय सुधारणा दिसून आली आहे. तिच्याशी असाच मोकळा संवाद ठेवा.”

“म्हंजी काय?”

काहीतरी सांगता आलं असतं. तांत्रिक दोष, असं दोन शब्दांत सांगून ट्रंकेला हात लावून त्यांना गाडीपर्यंत पोचवता आलं असतं. सरांनी दार लावून घेतलं. कोष्टींना स्टूल दिलं आणि स्वतः उभं राहून, डिसेंबरातल्या यादीपासून समितीच्या शालीपर्यंत, सगळं सांगितलं. आपलं नाव कुठं झाकलं नाही. कोष्टी मागाचा आवाज ऐकावा तसं मान तिरकी करून ऐकत राहिले.

सांगून झाल्यावर सरांनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. एकशे अकरा पानं, छापून ठेवलेली. “हे तिचं आहे,” ते म्हणाले. “तुमच्याकडं असावं.”

कोष्टींनी गठ्ठ्याला हात लावला नाही. “तुमी वाचा की.”

सरांनी पहिलं पान उचललं. “प्रताप शेळके. पाठ चौथा. ‘घरी फोन करायचा असला की मी आधी खिडकीत जाऊन उभा राहतो. बसून बोललं की आवाज खाली जातो, आणि पप्पांना लगेच कळेल. त्यांचे कान तयार आहेत. उभं राहिलं की हसता येतं.’”

कोष्टींनी वर बघितलं. “ह्यो परताप कोण?”

“तेजल,” सर म्हणाले.

कोष्टींनी हातातला ॲप्रन घडी घालून मांडीवर ठेवला. मग त्यांनी स्टूल टेबलाजवळ ओढलं.

“वाचा,” ते म्हणाले. “सगळं वाचा. एकबी पान सोडू नका.”